देणे राहिले असेल तर सांगा

मृत्यू, कियामत आणि आयुष्यातील स्थित्यंतरे यांविषयी इस्लाम काय सांगतो, यावर गेल्या अंकात या सदरासाठी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. मी मुफ्ती नाही. माझा जन्म मिरजेतील मुसलमान घरात झाला, शिक्षण मराठी शाळेत झाले आणि पुढचे आयुष्य ग्वाल्हेरच्या महाविद्यालयात फारसी शिकवण्यात गेले. त्यामुळे धर्मशास्त्राचा निवाडा देणे हे माझे काम नाही. परंतु जे वाचले, शिकवले आणि घरात पाहिले, ते शक्य तितके नेमके सांगण्याचा प्रयत्न करतो.

प्रश्न : आमच्या गल्लीतील एक वयोवृद्ध मुसलमान गृहस्थ वारले. मी मयताला गेलो होतो. नमाज सुरू होण्यापूर्वी त्यांचा थोरला मुलगा पुढे आला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, की अब्बांकडे कोणाचे काही देणे राहिले असेल तर मला सांगा, ते मी फेडीन. आणि त्यांनी कोणाचे मन दुखावले असेल तर त्यांना माफ करा. हा विधीचा भाग आहे काय? यामागचा विचार कोणता? (एक वाचक, जीवाजीगंज, लष्कर)

उत्तर : हा विधी नाही. जनाज्याच्या, म्हणजे दफनापूर्वी मयतासाठी होणाऱ्या, नमाजेत या बोलण्याला जागा नाही, त्याचे ठरलेले शब्द नाहीत, आणि ते कोणी बोलले नाही म्हणून दफन अडत नाही. तरीही त्या मुलाने जे केले, ते इस्लामी न्यायकल्पनेच्या अगदी गाभ्यातून आलेले आहे, म्हणून या पत्राला मी सर्वांत अधिक जागा देत आहे.

मुसलमानांच्या श्रद्धेप्रमाणे कियामतीच्या दिवशी सर्व माणसांना पुन्हा उठवले जाईल, प्रत्येकाचा आमालनामा म्हणजे कर्मांची वही त्याच्या हातात दिली जाईल आणि मीझान नावाच्या तराजूत कर्मे तोलली जातील. ज्याला ही वही उजव्या हातात मिळेल तो ‘घ्या, माझी वही वाचा’ असे आनंदाने सांगेल, आणि ज्याला ती डाव्या हातात मिळेल तो ‘ही मला मिळालीच नसती तर बरे झाले असते’ असे म्हणेल, असे वर्णन कुराणाच्या ६९ व्या अध्यायात आहे. त्या दिवसाला कुराणात जी अनेक नावे आहेत, त्यांपैकी एक ‘यौमुल हिसाब’ असे आहे. हा हिसाब म्हणजे आपला हिशेबच होय. मराठी माणूस हिशेब, कर्ज, हक्क, दावा, वारस, अनामत आणि माफी हे शब्द रोज वापरतो आणि ते अरबीतून आले आहेत हे विसरूनही जातो. आपण पत्रात लिहिलेला ‘मयत’ हा शब्दही तिथलाच. कियामतीच्या वर्णनात नेमके हेच शब्द येतात, त्यामुळे मराठी वाचकाला ती कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

या वहीत दोन खाती आहेत असे समजावे. पहिले हक्कुल्लाह, म्हणजे अल्लाहचे माणसाकडे असलेले हक्क : नमाज, रोजा आणि इतर उपासना. दुसरे हक्कुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसाकडे असलेले हक्क : कोणाचे उसने घेतलेले पैसे, मारलेली मजुरी, खोटे माप, निंदा, अपमान, मारहाण. पहिल्या खात्यात काही उणे राहिले आणि माणसाने मनापासून तौबा म्हणजे पश्चात्ताप केला, तर अल्लाह क्षमा करणारा आहे. परंतु दुसऱ्या खात्यात केवळ तौबा पुरत नाही. ज्याचे नुकसान झाले त्याला ते भरून द्यावे लागते किंवा त्याच्याकडून माफी मिळवावी लागते. रणांगणावर हुतात्मा झालेल्याचीही सर्व पापे माफ होतात, मात्र कर्ज माफ होत नाही, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतीची परंपरेने आलेली नोंद, आहे.

एकदा पैगंबरांनी अनुयायांना विचारले, की दिवाळखोर कोणाला म्हणावे? ज्याच्याकडे ना पैसा ना सामान तो, असे लोक म्हणाले. त्यावर पैगंबर म्हणाले, की माझ्या लोकांतील खरा दिवाळखोर तो, जो कियामतीच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणावर आळ घेतलेला असेल, कोणाचा पैसा खाल्लेला असेल आणि कोणाला मारलेले असेल. मग त्याची पुण्यकर्मे त्या लोकांना वाटली जातील, आणि ती पुरली नाहीत तर त्यांची पापे याच्या माथी टाकली जातील. तिथे दिनार आणि दिरहम चालत नाहीत. देणे फेडण्यासाठी जवळ असते ते केवळ कर्म. म्हणूनच, ज्याने दुसऱ्याचे काही बिघडवले असेल त्याने तो दिवस येण्यापूर्वी, आजच, त्याच्याकडून मोकळे होऊन घ्यावे, असे दुसऱ्या एका हदीसमध्ये सांगितले आहे.

मुलाने नमाजेआधी उभे राहून बोलण्याला जे सर्वांत जवळचे उदाहरण आहे, ते मदिनेतले आहे. एका माणसाचा जनाजा नमाजेसाठी आणला गेला. पैगंबरांनी विचारले, की याच्यावर काही कर्ज आहे काय? तीन दिनारांचे आहे आणि मागे काही ठेवलेले नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा ते म्हणाले, की तुमच्या सोबत्याची नमाज तुम्हीच पढा. त्यावर अबू कतादा पुढे झाले आणि म्हणाले, की याचे देणे माझ्याकडे लागले. मग पैगंबरांनी नमाज पढवली. दुसऱ्या एका कथनात पुढचा भाग असा आहे, की दुसऱ्या दिवशी पैगंबरांनी अबू कतादांना ते देणे फेडले का, हे विचारले, आणि फेडल्याचे कळल्यावर ‘आता त्याच्या देहाला थंडावा मिळाला’ असे ते म्हणाले. पुढे मदिनेच्या खजिन्यात पैसा येऊ लागल्यावर त्यांनी जाहीर केले, की जो कर्ज ठेवून मरेल त्याचे कर्ज मी फेडीन आणि जो संपत्ती ठेवून मरेल त्याची संपत्ती त्याच्या वारसांची. इस्लामी वारसाहक्काचा क्रमही याच विचारावर उभा आहे : मयताच्या मिळकतीतून आधी कफन-दफनाचा खर्च, मग सर्व कर्जे, मग असल्यास मृत्युपत्र, तेही एकतृतीयांशाच्या मर्यादेत, आणि उरेल ते वारसांचे. पत्नीचा न दिलेला मेहर, म्हणजे विवाहात पतीने तिला देण्याचे कबूल केलेली रक्कम, हेही कर्जच असते, आणि मला सखेद म्हणावेसे वाटते की आपल्याकडे या एका कर्जाचा विसर सर्वांत लवकर पडतो.

आमच्या घरातील एक गोष्ट येथे सांगतो. माझे वडील मिरजेत तानपुरे तयार करीत. १९७४ साली ते गेले, तेव्हा दुकानात भिंतीला टेकून एक अपुरा तानपुरा उभा होता. भोपळ्यावर खडूने एक आडनाव आणि ‘ग्वाल्हेर’ असे लिहिलेले होते, खुंट्या बसवलेल्या होत्या, पण तारा चढवलेल्या नव्हत्या आणि घोडीवर जवारी काढायची राहिली होती. त्यांच्या वहीत त्याच नावापुढे चाळीस रुपये विसार मिळाल्याची नोंद होती, आणि ती नोंद नऊ वर्षांपूर्वीची होती. आईने घरातील पहिले जेवण होण्याआधी विचारले, की याचे काय करणार? चाळीस रुपयांची मनीऑर्डर करता आली असती, परंतु चुलते म्हणाले, की घेणाऱ्याने रुपये नव्हे, तानपुरा मागितला होता. त्यांनी आणि भावाने दीड महिन्यात तो पुरा केला आणि मी तो कांबळ्यात गुंडाळून, गाड्या बदलत ग्वाल्हेरला आणला. मी या शहरात आलो तो पहिल्यांदा असा. ज्यांनी विसार दिला होता ते गायकही वारले होते. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात त्यांची मुलगी भेटली. तिने तारा छेडून पाहिल्या, बराच वेळ ती काही बोलली नाही, आणि मग उरलेली किंमत किती ते तिने विचारले. मी सांगितले, की उशीर आमच्याकडून झाला आहे, तेव्हा आधी वडिलांना माफ केले असे म्हणा, पैशांचे मग पाहू. तिने ते म्हटले. त्या बाईंनी मराठीत उच्चारलेले ‘माफ केले’ हे दोन शब्द मी मिरजेला परत जाऊन आईला जसेच्या तसे सांगितले, आणि त्या रात्री ती वडिलांच्या मृत्यूनंतर प्रथमच स्वस्थ झोपली.

आपल्या गल्लीतील त्या मुलाने जे विचारले, ते असे विचारलेले आहे. कोणी पुढे येऊन ‘माझे दोनशे रुपये आहेत’ म्हणाले असते, तर त्यात अपमान वाटण्यासारखे काही नव्हते. उलट त्याने मयतावर उपकारच केला असता.

प्रश्न : तानसेन समारोहासाठी हजीऱ्याला आम्ही दरवर्षी जातो. मुहंमद गौस यांच्या मकबऱ्याच्या आवारातील सर्व कबरी उत्तर-दक्षिण आहेत. आपल्याकडेही दक्षिणेकडे पाय करून झोपू नये असे म्हणतात, कारण ती यमाची दिशा. दोन्ही धर्मांत हे एकच कसे? (एक वाचक, दौलतगंज)

उत्तर : हा योगायोग भूगोलाचा आहे. मयताला कबरेत उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे म्हणजे मक्केतील काबागृहाकडे करून ठेवतात. ग्वाल्हेरहून मक्का पश्चिमेस आहे. तोंड पश्चिमेला आणि कूस उजवी म्हटले, की डोके उत्तरेला व पाय दक्षिणेलाच येतात. इस्तंबूलमध्ये मक्का आग्नेयेकडे पडते, त्यामुळे तिथल्या कबरींची दिशा वेगळी दिसेल. दक्षिण दिशेला इस्लाममध्ये शुभ-अशुभ असा काही अर्थ नाही.

त्या आवारात जे पडून आहेत, ते श्रद्धेप्रमाणे ‘बरझख’मध्ये आहेत. बरझख म्हणजे पडदा किंवा आडवी सीमा. मृत्यू आणि कियामत यांच्या मधला काळ. दफन करून लोक परतले की मुन्कर आणि नकीर हे दोन फरिश्ते येऊन तुझा पालनकर्ता कोण, तुझा धर्म कोणता आणि तुझा पैगंबर कोण, असे विचारतात, आणि पुढे इस्राफील सूर नावाचे शिंग फुंकेपर्यंत माणूस तिथे राहतो. समारोहाची सुरुवात हरिकथा आणि मिलाद (पैगंबरांच्या जन्माचे स्तुतिगान) यांनी होते, हे आपण पाहतच असाल. एका कबरेशेजारी या दोन्ही गोष्टी मराठी माणसाला ऐकता येतात, याचा ग्वाल्हेरकर म्हणून मला फार आनंद वाटतो.

प्रश्न : माझ्या नातवाला जन्मापासून दिसत नाही. नात्यातील लोक सहज बोलून जातात, की मागच्या जन्मीचे काहीतरी असेल. ते काळजाला लागते. इस्लाममध्ये पूर्वजन्म मानत नाहीत असे ऐकले. मग असे मूल का जन्माला येते, याचे उत्तर ते काय देतात? (एक आजी, मुरार)

उत्तर : आजी, आपण ऐकले ते बरोबर आहे. इस्लाममध्ये जन्म एकच, मृत्यू एक आणि मग हिशेब. मागचे खाते नाही. प्रत्येक मूल ‘फितरत’वर, म्हणजे मूळ निर्मळ प्रकृतीवर जन्माला येते, अशी हदीस आहे. कोणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे उचलणार नाही, हे कुराण एकाहून अधिक ठिकाणी सांगते, आणि त्यात आईबापांचे पापही आले. म्हणून त्या मुलाचे न दिसणे ही कशाचीही शिक्षा असू शकत नाही. मूल वयात येईपर्यंत तर त्याच्या नावावर पाप लिहिलेच जात नाही.

मग हे का, असे आपण विचारता. इस्लामी उत्तर असे आहे, की हे आयुष्य परीक्षा आहे आणि सर्वांची प्रश्नपत्रिका सारखी नसते. अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीबाहेर भार टाकत नाही आणि हिशेब दिलेल्या देणगीच्या मानाने घेतला जातो. ज्याला डोळे दिले त्याला, त्या डोळ्यांनी काय पाहिले आणि काय पाहूनही सोडून दिले, हे विचारले जाईल. ज्या दासाची दोन प्रिय गोष्टींनी, म्हणजे डोळ्यांनी, परीक्षा घेतली आणि त्याने धीर धरला, त्याला मी त्यांच्या मोबदल्यात स्वर्ग देईन, असे अल्लाहचे वचन एका हदीसमध्ये आहे. माझ्या समजुतीप्रमाणे परीक्षा केवळ त्या मुलाची नसते. त्याच्या अवतीभोवतीच्या, सहज बोलून जाणाऱ्या लोकांचीही ती असते, आणि त्यांचे बोलणे हक्कुल इबादच्या खात्यात लिहिले जाते.

एक प्रसंग आपल्याला मुद्दाम सांगतो. मक्केत पैगंबर कुरैश टोळीतील बड्या लोकांशी बोलत असताना अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम नावाचे एक अंध गृहस्थ काही विचारण्यासाठी आले. बोलण्यात खंड पडला म्हणून पैगंबरांच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी तोंड वळवले. त्या अंध माणसाला ती आठी दिसलीही नसेल. परंतु कुराणाचा ८० वा अध्याय त्या आठीपासूनच सुरू होतो, आणि त्यात खुद्द पैगंबरांना त्याबद्दल समज दिली गेली आहे. पुढे हेच इब्न उम्म मक्तूम मदिनेत हजरत बिलाल यांच्याबरोबर अजान देत, आणि पैगंबर शहराबाहेर जाताना मदिनेचा कारभार त्यांच्याकडे सोपवून गेल्याचीही नोंद आहे. चौदाशे वर्षे जगभरातील मुसलमान ती आठी वाचत आले आहेत. पुढच्या वेळी कोणी मागच्या जन्माचे बोलले, तर हा प्रसंग त्यांना ऐकवावा.

प्रश्न : माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचे पती वारले. ती इद्दतमध्ये आहे असे तिच्या सुनेने सांगितले. मला भेटायला जाता येईल काय? की हे आपल्याकडच्या जुन्या काळच्या विधवांसारखे कोपऱ्यात बसणे आहे? (एक वाचक, थाटीपूर)

उत्तर : अवश्य जावे, स्त्रियांनी भेटण्याला कोणतीही हरकत नाही. विधवेची इद्दत, म्हणजे पतीच्या मृत्यूनंतर थांबण्याची ठरलेली मुदत, चार महिने दहा दिवसांची असते, आणि ती गरोदर असल्यास बाळंतपणापर्यंत. या काळात तिने दुसरा विवाह करू नये, साजशृंगार करू नये आणि आवश्यक कामाशिवाय घराबाहेर राहू नये, असे सांगितले आहे. औषधोपचार किंवा पोटापाण्याचे काम यांसाठी सवलत आहे. शोकाला मुदत आहे, ही यातील महत्त्वाची गोष्ट. मुदत संपल्यावर ती आपल्या आयुष्याविषयी रीतीला धरून जे ठरवील, त्याचा दोष तुमच्यावर नाही, असे कुराण समाजाला बजावते. पुनर्विवाह तिचा हक्क आहे, आणि तिचे दर्शन अशुभ मानण्याला कसलाही आधार नाही. पैगंबरांच्या पहिल्या पत्नी हजरत खदीजा विवाहाच्या वेळी विधवा होत्या. प्रत्यक्षात काही घरांत इद्दतच्या नावाखाली बाईला अंधाऱ्या खोलीत बसवतात. ती रूढी आहे, शिकवण नाही. आपण जाल तेव्हा तिला नेहमीप्रमाणे मोकळेपणे बोलू द्यावे आणि रडू द्यावे. पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा तेही रडले होते. डोळे पाझरतात, मन दुःखी होते, पण आम्ही आमच्या पालनकर्त्याला रुचेल तेच बोलतो, असे ते म्हणाले. त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले आणि लोकांनी त्याचा संबंध त्या मृत्यूशी जोडला. तेव्हा सूर्य-चंद्राला ग्रहण कोणाच्या जन्मामुळे वा मरणामुळे लागत नाही, हे ऐन शोकातही त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितले.

प्रश्न : मुसलमान शेजाऱ्याच्या मयताला हिंदूने खांदा देणे, माती देणे चालते काय? घरच्यांसाठी जेवण नेले तर? (एक वाचक, फालका बाजार)

उत्तर : आपल्या शहरात लोक देत आले आहेत, आणि त्यांना कोणी अडवल्याचे मी पाहिलेले नाही. पैगंबरांसमोरून एकदा एका यहुद्याची प्रेतयात्रा गेली तेव्हा ते उठून उभे राहिले. हा तर यहुदी होता, असे कोणी म्हटल्यावर त्यांनी विचारले, की तो जीव नव्हता काय? नमाज चालू असताना आपण बाजूला शांत उभे राहावे. ती उभ्यानेच होते, तिच्यात वाकणे किंवा माथा टेकणे नसते, चार तकबीर, म्हणजे ‘अल्लाहु अकबर’चे उच्चार, होतात आणि काही मिनिटांत ती संपते. तिच्यासाठी अजानही दिली जात नाही. जुनी माणसे याचा अर्थ असा सांगतात, की मूल जन्मल्यावर त्याच्या कानात जी अजान दिली होती, ती याच नमाजेची होती. नंतर माती देताना तीन मुठी टाकतात. मातीतूनच तुम्हाला निर्माण केले, तिच्यातच परत नेऊ आणि तिच्यातूनच पुन्हा बाहेर काढू, या अर्थाचे कुराणवचन त्या वेळी म्हणतात.

जेवण जरूर न्यावे. चुलतभाऊ जाफर यांच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा, त्यांच्या घरच्यांसाठी अन्न शिजवा, त्यांना सुचणार नाही असे संकट त्यांच्यावर आले आहे, असे पैगंबरांनी सांगितले होते. आपल्याकडे सुतकात शेजारी पिठले-भात आणून देतात, तसेच हे आहे. मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशीचा तीजा आणि चाळिसाव्या दिवशीचा चालिसावा यांविषयी मुसलमानांत मतभेद आहेत आणि त्या वादात मी पडत नाही; मात्र कर्ज काढून चालिसाव्याच्या पंगती उठवणे मला मुळीच पटत नाही, कारण ज्याच्या सुटकेसाठी जेवण घालायचे त्याच्याच घरावर नवे देणे चढते.

प्रश्न : मी ज्यांच्याकडून तीस वर्षे कपडे शिवून घेतले ते शिंपी वारले. शेवटच्या दोन सदऱ्यांची शिलाई, सातशे रुपये, माझ्याकडून द्यायची राहिली. मुलांना हे माहीत नाही. मशिदीच्या पेटीत त्यांच्या नावाने टाकले तर चालेल ना? (एक वाचक, नया बाजार)

उत्तर : चालणार नाही. मशिदीत टाकलेले पैसे दान होतील, देणे मात्र तसेच राहील, कारण ते आता वारसांच्या मालकीचे आहे. वारसांत मुलांबरोबर पत्नी आणि मुलीही येतात. म्हणून एका मुलाच्या हातात गुपचूप देण्याऐवजी घरी जाऊन चारचौघांसमोर द्यावे आणि हे कशाचे पैसे आहेत ते स्पष्ट सांगावे. त्यांनी घेण्यास नकार दिला आणि सर्वांनी राजीखुशीने सोडून दिले, तर आपण मोकळे झालात. मग हवे तर तीच रक्कम त्यांच्या नावाने दान करावी. दुकान त्यांचा धाकटा मुलगा चालवतो आणि शुक्रवारी ते बंद असते, असे आपण लिहिले आहे. तर शुक्रवारीच घरी जावे, आणि शिलाईची चिठ्ठी जपून ठेवली असेल तर ती बरोबर न्यावी.